साक्षीच्या खुर्चीत अधिकारी एवढं जपून का बोलतात? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकीय वादाची चौकशी लागते, सुनावणी थेट दाखवली जाते, एखादा वरिष्ठ अधिकारी शपथ घेतो आणि पुढचे तीन-चार तास "यावर मी इथे बोलू शकत नाही", "मला आठवत नाही", "अहवालात आहे तेवढंच" असं म्हणत राहतो. बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. माझाही यायचा. मग अशा सुनावण्यांचे शब्दशः वृत्तान्त वाचायची सवय लागली आणि लक्षात आलं, की सगळी मौनं एका जातीची नसतात. काही मौनांमागे कायदा असतो, काहींमागे भीती, काहींमागे खरोखरच पाप असतं. ती ओळखायची कशी, यावर लोक जे प्रश्न वरचेवर विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

अधिकारी सरळ उत्तर देत नाही, म्हणजे तो काहीतरी लपवतोय असंच ना?

कधी कधी तसंच असतं. पण नुसत्या जपून बोलण्यावरून ते ठरवता येत नाही, कारण निर्दोष माणूसही त्या खुर्चीत जपूनच बोलतो. त्याला बोलण्याची परवानगी असते फार थोड्या गोष्टींवर, आणि प्रश्न येतात सगळ्या गोष्टींवर. जो तपास त्याने स्वतः केला, त्यातलं निम्मं न्यायालयाच्या आदेशाने बंद असू शकतं, काही गुप्त वर्गात असतं, काही वरिष्ठांशी झालेल्या सल्लामसलतीत मोडतं. उरलेलं बोलायचं तर प्रत्येक वाक्य छापलं जाणार असतं आणि पुढच्या दहा वर्षांत कुठल्याही वकिलाच्या हाती लागणार असतं.

म्हणून मी दुसराच प्रश्न विचारतो: उत्तर नाकारताना त्याने आधार कुठला सांगितला? सगळी मेख तिथे आहे. पुढे त्यावर सविस्तर लिहिलं आहे.

पत्रकारांशी हाच माणूस मोकळेपणाने बोलतो. शपथ घेतली की काय बिघडतं?

पत्रकार परिषदेतल्या चुकीचा खुलासा दुसऱ्या दिवशी करता येतो. शपथेवरची चूक गुन्हा ठरू शकते. अमेरिकेत शपथेवर खोटं बोलणं हा एक गुन्हा आहे आणि शपथ नसतानाही काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, चौकशीत जाणूनबुजून खोटं विधान करणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वॉटरगेट प्रकरणात (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) माजी महान्यायवादी जॉन मिचेल आणि अध्यक्ष निक्सन यांचे दोन निकटचे सहकारी, हाल्डमन आणि अर्लिकमन, १ जानेवारी १९७५ रोजी दोषी ठरले. त्यांच्यावरच्या आरोपांत कटाबरोबर खोट्या साक्षीचाही समावेश होता. त्यानंतर वॉशिंग्टनमधला प्रत्येक वकील आपल्या अशिलाला एकच गोष्ट बजावतो: मूळ गोष्टीतून माणूस सुटतो, तिच्याबद्दल जे बोलतो त्यात अडकतो.

आणखी एक व्यवहार आहे. साक्षीदाराचा जबाब एकटा नसतो. त्याने आधी तपासकांना दिलेला जबाब, त्याच्या ईमेल, बैठकांची टिपणं, सहकाऱ्यांचे जबाब हे सगळं समोरच्याच्या फायलीत असतं. मोकळेपणाने बोलणारा माणूस तपशील भरतो, आणि एकेक तपशील विसंगतीला जागा करून देतो. "बैठक मंगळवारी झाली" असं म्हणण्याऐवजी "त्या आठवड्यात झाली असावी" म्हणणारा माणूस बहुधा लबाड नसतो; त्याला वार खरंच नक्की माहीत नसतो आणि अंदाजाची किंमत त्याला ठाऊक असते.

चालू तपासाबद्दल "हो, तपास सुरू आहे" एवढंही का सांगत नाहीत?

कारण तेवढं सांगणंही पुष्कळ असतं. तपास चालू आहे हे कळलं की कागद नाहीसे होतात, साक्षीदार एकमेकांशी बोलून जबाब जुळवतात. ज्याच्यावर शेवटी काहीच सिद्ध होणार नाही अशा माणसाचं नाव कायमचं डागाळतं. आरोपपत्र आलं असतं तर त्याला निदान न्यायालयात उत्तर देता आलं असतं, नुसत्या कुजबुजीला तो उत्तर देणार कुठे? आणि खटला उभा राहिलाच, तर आरोपीचा वकील तपास अधिकाऱ्याचं जाहीर विधान दाखवून म्हणतो, यांनी निकाल आधीच ठरवला होता.

एकदा "तपास नाही" असं सांगायला सुरुवात केली की आणखी एक पेच पडतो. आज अमुक माणसाबद्दल "तपास नाही" म्हणालात आणि उद्या तमुकाबद्दल "टिप्पणी नाही", तर तमुकाचं काय चाललंय ते सगळ्यांना कळलं. म्हणून शहाणी तपास यंत्रणा दोघांबद्दलही एकच उत्तर देते. ऐकायला ते आडमुठं वाटतं, पण पद्धत अशीच टिकते.

हा नियम मोडला तर काय होतं याचं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते मुळापासून समजून घेण्यासारखं आहे. एफबीआयचे तेव्हाचे संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलै २०१६ रोजी अध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या ईमेल प्रकरणाबद्दल (परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामासाठी खाजगी सर्व्हर वापरल्याबद्दल) जाहीर निवेदन केलं. आरोप ठेवण्याची शिफारस करत नाही असं सांगितलं आणि वर त्यांच्या वागण्यावर कडक शेरेही मारले. दोन दिवसांनी काँग्रेसच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली आणि तपास पूर्ण झाल्याचं चित्र तिथे नोंदीवर आलं.

ऑक्टोबरमध्ये एका वेगळ्या प्रकरणात नव्या ईमेल सापडल्या. एरवी असं काही सापडलं तर एफबीआय चूपचाप तपासते आणि संपवते. पण आता कोमींचं शपथेवरचं बोलणं नोंदीवर होतं. ते अपुरं ठरतंय असं त्यांना वाटलं, म्हणून २८ ऑक्टोबरला, मतदानाच्या ११ दिवस आधी, त्यांनी काँग्रेसच्या नेत्यांना पत्र धाडलं. पत्र काही मिनिटांत जगभर गेलं. ६ नोव्हेंबरला त्यांनी कळवलं की निष्कर्षात बदल नाही. ८ नोव्हेंबरला मतदान झालं. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०१८ च्या अहवालात जुलैचं निवेदन आणि ऑक्टोबरचं पत्र दोन्ही निर्णय चुकीचे ठरवले.

जाहीर साक्षीत दिलेली माहिती पुढे अद्ययावत ठेवण्याचं ओझं साक्षीदाराच्या मानेवर बसतं. एक वाक्य बोललं की परिस्थिती बदलल्यावर दुसरं बोलावं लागतं, आणि ते कधी बोलायचं हे आपल्या हातात राहत नाही. मला वाटतं, अनुभवी अधिकाऱ्यांना जपून बोलायला लावणारं हे सगळ्यांत मोठं कारण आहे, आणि प्रेक्षकांना तेच सगळ्यांत कमी ठाऊक असतं.

याच कोमींची २० मार्च २०१७ ची साक्ष शेजारी ठेवून पाहा. २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास सुरू आहे, त्यात ट्रम्प यांच्या प्रचार मोहिमेशी असलेल्या संबंधांचाही तपास आहे, एवढं त्यांनी सांगितलं. पण सांगण्याआधी न्याय खात्याची परवानगी घेतल्याचं नोंदीवर आणलं, आणि सांगून झाल्यावर कुणाच्या वागण्याचा तपास चाललाय याबद्दल तोंड उघडलं नाही. त्यानंतरच्या डझनभर प्रश्नांना त्यांनी नकारच दिला.

गुप्त माहितीबद्दल जाहीर प्रश्न आला, तर अधिकारी करतो काय?

ही खरी कोंडी. "हो" म्हटलं तर गुपित फुटलं. "नाही" म्हटलं तर खोटं. "सांगू शकत नाही" म्हटलं तर ऐकणारा त्याचा अर्थ "हो" असा लावतो.

१२ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सिनेट गुप्तवार्ता समितीत सिनेटर रॉन वायडन यांनी राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांना विचारलं, की राष्ट्रीय सुरक्षा संस्था कोट्यवधी अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती गोळा करते का? क्लॅपर म्हणाले, नाही. आणि पुढे जोडलं, जाणूनबुजून नाही. जूनमध्ये त्या संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदांतून दिसलं की फोन कॉलच्या नोंदी सरसकट गोळा होत होत्या. क्लॅपर यांनी आधी सांगितलं की त्यातल्या त्यात कमी असत्य वाटेल असं उत्तर आपण दिलं. नंतर समितीला पत्र लिहून ते उत्तर उघडच चुकीचं होतं असं मान्य केलं. खटला झाला नाही, पण त्यांच्या नावापुढे ते उत्तर कायमचं लागलं.

त्याच्या चाळीस वर्षं आधी हेच अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयएचे माजी संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या बाबतीत घडलं होतं आणि त्यांना मात्र न्यायालयात उभं राहावं लागलं. फेब्रुवारी १९७३ मध्ये राजदूतपदाच्या सुनावणीत त्यांना विचारलं गेलं, चिलीतलं सरकार उलथवण्याचा प्रयत्न सीआयएने केला होता का? ते नाही म्हणाले. प्रयत्न झाला होता. १९७७ मध्ये समितीपुढे पूर्ण आणि अचूक साक्ष न दिल्याच्या आरोपाला त्यांनी विरोध केला नाही. २,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित कैद झाली. त्यांचं म्हणणं असं की गुपितं जपण्याची शपथही मी घेतली होती. दोन शपथा, आणि दोन्ही पाळायची वाट बंद.

वाट खरंच बंद होती का? मला तसं वाटत नाही. "या प्रश्नाचं उत्तर मी बंद बैठकीत देईन" हे वाक्य दोघांनाही मोकळं होतं. त्यातून थोडं गुपित झिरपलं असतं, मान्य. पण लोकप्रतिनिधींना शपथेवर "नाही" सांगणं ही गुप्तता नव्हे. म्हणून "बंद बैठकीत सांगतो" ऐकल्यावर चिडण्यापेक्षा मी ते प्रामाणिकपणाचं लक्षण मानतो, मात्र ती बंद बैठक पुढे खरंच झाली का, हे पाहूनच.

"आठवत नाही" ही पळवाटच ना?

वरिष्ठ अधिकारी दिवसाला दहा-बारा बैठकांत असतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत कोण काय म्हणालं हे त्याला आठवत नसेल, तर त्यात नवल नाही. शिवाय चुकीची आठवण ठासून सांगण्यापेक्षा "आठवत नाही" म्हणणं कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित असतं, कारण एखाद्याला आठवत होतं हे सिद्ध करणं अतिशय कठीण.

पण मर्यादा असते. १९ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेचे महान्यायवादी अल्बर्टो गोन्झालेस सरकारी वकिलांना पदावरून काढल्याबद्दल सिनेटच्या समितीपुढे आले आणि साठाहून अधिक वेळा आठवत नसल्याचं म्हणाले. ज्या निर्णयावर एवढं वादळ उठलं तोच आठवत नाही हे त्यांच्या पक्षाच्या सिनेटरांनाही पटलं नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. तिथे गुन्हा कुणी सिद्ध केला नाही; विश्वास मात्र गेला.

कसोटी सोपी आहे. फुटकळ तपशील आठवत नाही आणि ठळक गोष्टी आठवतात, तर ती माणसाची स्मृती. अडचणीच्या गोष्टी तेवढ्या आठवत नाहीत आणि सोयीच्या तारीखवार आठवतात, तर प्रश्न विचारणाऱ्याने कागद पुढे करावा.

अधिकाऱ्याला स्वतःच्या मनाने साक्ष देता येते का?

बहुतेक ठिकाणी नाही. ब्रिटनमध्ये संसदेच्या समित्यांपुढे येणाऱ्या सनदी अधिकाऱ्यांसाठी 'ऑस्मदर्ली नियम' आहेत. १९८० मध्ये ते तयार करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव त्यांना चिकटलं. त्यांचं सार असं: अधिकारी मंत्र्याच्या वतीने आणि मंत्र्याच्या सूचनेनुसार बोलतो. मंत्र्याला काय सल्ला दिला हे त्याने सांगायचं नसतं. ब्रिटिश संसदेने हे नियम औपचारिकपणे कधीच स्वीकारलेले नाहीत, तरी अधिकारी ते पाळतात.

भारतात केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला दहावा नियम सांगतो की कुठल्याही व्यक्ती, समिती वा प्राधिकरणाच्या चौकशीत साक्ष द्यायची तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, आणि ती मिळाल्यावरही सरकारच्या धोरणावर टीका करायची नाही. सरकार, संसद किंवा विधिमंडळाने नेमलेली चौकशी, न्यायालयीन चौकशी आणि खातेनिहाय चौकशी यांना त्यातून सूट आहे. तरी आयुष्यभर ज्या शिस्तीत माणूस मुरला, ती आयोगापुढे बसल्यावर एका सकाळीत गळून पडत नाही.

अमेरिकेत अध्यक्षांशी झालेला सल्लामसलतीचा संवाद अध्यक्षांच्या विशेषाधिकारात येतो. १९७४ मध्ये निक्सन यांच्याविरुद्धच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा विशेषाधिकार आहे असं मान्य केलं, आणि त्याच निकालात फौजदारी खटल्याच्या गरजेपुढे तो टिकत नाही असं ८ विरुद्ध ० मतांनी सांगून ध्वनिफिती द्यायला लावल्या. लोकांना यातला दुसरा भाग लक्षात राहतो, अधिकाऱ्यांना पहिला.

मग गप्प राहायला आधार लागतो की नुसती इच्छा पुरते?

७ जून २०१७ ची अमेरिकेच्या सिनेट गुप्तवार्ता समितीची सुनावणी या प्रश्नासाठी वाचावी. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक डॅन कोट्स आणि राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख अॅडमिरल माइक रॉजर्स यांना विचारलं गेलं, रशियाच्या तपासाबद्दल अध्यक्ष ट्रम्प यांनी तुमच्याकडे काही मागणी केली का? दोघांनीही उत्तर दिलं नाही. सिनेटर अँगस किंग यांनी पिच्छा सोडला नाही. अध्यक्षांनी विशेषाधिकार वापरलाय का? नाही. ही गुप्त माहिती आहे का? त्याचंही धड उत्तर नाही. मग कशाच्या आधारावर बोलत नाही? रॉजर्स म्हणाले, मला ते उचित वाटत नाही. किंग यांनी ऐकवलं की तुम्हाला काय वाटतं हा इथे मुद्दाच नाही. कोट्स यांनी शेवटी कबूल केलं की आपल्यापाशी कायदेशीर आधार आहे की नाही याची त्यांना खात्री नाही.

सहा दिवसांनी महान्यायवादी जेफ सेशन्स यांनीही अध्यक्षांशी झालेलं बोलणं सांगायला नकार दिला. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: अध्यक्षांनी विशेषाधिकार वापरलेला नाही, पण पुढे वापरायचा झाला तर तो शाबूत राहावा म्हणून मी बोलत नाही. हा युक्तिवाद मला फार ताणलेला वाटतो. असं म्हणत गेलं तर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर कधीच द्यायला नको. तरी निदान त्यात एक आधार सांगितला होता, त्यावर वाद घालता येत होता. "उचित वाटत नाही" यावर वाद घालायलाही काही हाती लागत नाही.

आधार म्हणून ऐकायला हवेत ते शब्द ठरलेले आहेत: न्यायालयाचा आदेश, ग्रँड ज्युरीची (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) गोपनीयता, गुप्त वर्गीकरण, औपचारिकपणे मांडलेला विशेषाधिकार, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क, खात्याची लेखी मनाई. यांपैकी एक तरी ऐकू आला, तर नकाराला पाय आहेत. एकही नसेल, तर किंग यांच्यासारखं खोदत राहावं.

साक्ष त्याच्याचविरुद्ध वापरणार नाही असं संरक्षण साक्षीदाराला दिलं तर तो मोकळेपणाने बोलेल ना?

बोलतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. इराण-काँट्रा प्रकरणात (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पुरवल्याच्या) अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांना संरक्षण देऊन जुलै १९८७ मध्ये जाहीर साक्ष घेतली. देशाने ती दूरचित्रवाणीवर पाहिली. पुढे खटल्यात १९८९ मध्ये ते तीन आरोपांवर दोषी ठरले, पण संरक्षित साक्षीचा परिणाम खटल्यातल्या साक्षीदारांवर झाला असू शकतो म्हणून अपिलात ती शिक्षा टिकली नाही आणि १९९१ मध्ये आरोपच रद्द झाले. तेव्हापासून खटला चालवणारे वकील समित्यांना विनवतात की आमचं होऊ द्या, मग साक्ष घ्या.

भारतात चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या सहाव्या कलमानुसार आयोगापुढे केलेलं विधान त्या माणसाविरुद्ध दिवाणी वा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद खोट्या साक्षीच्या खटल्याचा. संरक्षण भक्कम आहे. तरी अधिकारी जपून बोलतात, कारण त्याच विधानाचा धागा पकडून तपास यंत्रणा स्वतंत्र पुरावा शोधू शकते, आणि बढती-बदलीच्या बाबतीत सहावं कलम काहीच करू शकत नाही.

स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क वापरणंही नाजूक असतं. २२ मे २०१३ रोजी अमेरिकेच्या कर खात्यातल्या अधिकारी लोइस लर्नर यांनी समितीपुढे छोटं निवेदन वाचलं, मी काही चूक केलेली नाही असं सांगितलं आणि मग प्रश्नांची उत्तरं नाकारली. समितीतल्या बहुमताने म्हटलं, निवेदन वाचलंत तिथेच हक्क सोडलात. वर्षभराने प्रतिनिधीगृहाने अवमानाचा ठराव केला. न्याय खात्याने खटला भरला नाही. चार ओळी बोलल्या नसत्या तर हा फाटा फुटलाच नसता. त्यानंतर वकील अशिलांना नावापलीकडे बोलू देत नाहीत.

मग साक्ष बंद दाराआडच का घेत नाहीत?

काही ठिकाणी घेतात. लोकसभेच्या नियमांप्रमाणे संसदीय समित्यांच्या बैठका खाजगीत होतात आणि अहवाल सभागृहात मांडेपर्यंत साक्ष गोपनीय असते. कॅमेरा नसला की सदस्य भाषण ठोकत नाहीत, अधिकारीही सैलावतो. तपासासाठी हे बरं. पण लोकांना काही कळत नाही, आणि कोण काय बोललं याची आपापल्या सोयीची आवृत्ती पत्रकारांपर्यंत पोहोचते.

उघड चौकशीचं बळ पाहायचं तर १९५८ ची मुंदडा प्रकरणाची चौकशी पाहावी. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे समभाग घेतले, त्याचा जाब न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्यीय आयोगाने मुंबईत भर सभागृहात विचारला. बाहेर जमलेल्या लोकांसाठी ध्वनिक्षेपक लावले होते. अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणत होते की मंत्र्यांची संमती होती, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ते नाकारत होते. सचिव आणि मंत्री यांच्यातला हा भेद बंद खोलीत झाला असता तर एका फायलीवरच्या शेऱ्यात संपला असता. छागलांनी ठरवलं की सचिवाच्या आड मंत्र्याला लपता येणार नाही. फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

त्या चौकशीतून अधिकाऱ्यांनी मात्र वेगळाच धडा घेतला: तोंडी संमतीला साक्षीत वजन नाही, लेखी घ्या. तरी वीस वर्षांनी आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे एकामागून एक अधिकारी "आदेश तोंडी होता" असंच सांगत होते.

रॉबर्ट म्यूलर एका शब्दात उत्तरं का देत होते?

म्यूलर म्हणजे रशियाच्या हस्तक्षेपाचा तपास करणारे विशेष वकील. त्यांनी २९ मे २०१९ रोजीच सांगून ठेवलं होतं की अहवाल हीच माझी साक्ष. ४४८ पानांच्या त्या अहवालातला एकेक शब्द वकिलांच्या चमूने तासून घेतला होता. २४ जुलैला ते दोन समित्यांपुढे बसले त्याआधी न्याय खात्याने पत्र पाठवून अहवालाबाहेर जाऊ नका असं कळवलं होतं, काही प्रकरणं न्यायालयात चालू होती, आणि दोन्ही पक्षांचे सदस्य पाच-पाच मिनिटांत आपल्याला हवं ते वाक्य त्यांच्या तोंडून काढू पाहत होते. लोकांना कसलेला साक्षीदार हवा होता; त्यांना स्वतःला अहवालात एक शब्दही नवा घालायचा नव्हता.

म्हणजे जपून बोलण्याचं समर्थनच करायचं का?

नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रिटनचे मंत्रिमंडळ सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग एका माजी गुप्तहेराच्या पुस्तकावर बंदी मागायला सिडनीच्या न्यायालयात उभे राहिले. उलटतपासणी घेत होते तरुण वकील माल्कम टर्नबुल, जे पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. एका पत्रामुळे गैरसमज निर्माण झाला हे मान्य, पण ते खोटं नव्हतं, असं आर्मस्ट्राँग सांगत होते. मग फरक काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, कुणीतरी म्हटल्याप्रमाणे हा सत्याच्या बाबतीत काटकसर करण्याचा प्रकार असावा. प्रत्येक शब्द खरा ठेवून ऐकणाऱ्याच्या मनात खोटं चित्र उभं करायचं, हे मला सरळ नकारापेक्षा वाईट वाटतं. "सांगणार नाही" म्हणणारा तुम्हाला निदान कळू देतो की इथे काहीतरी आहे. काटकसर करणारा तुम्हाला शोधायचंच थांबवतो.

असा सावध साक्षीदार बोलता होतो तो कशाने?

नेमक्या प्रश्नाने, आणि तो विचारण्याआधी केलेल्या तयारीने. वॉटरगेट चौकशीत निक्सन यांचे माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड यांनी मनाशी ठरवलं होतं की आपण होऊन काही सांगायचं नाही. पण कुणी थेट विचारलं तर खोटं बोलायचं नाही. १३ जुलै १९७३ रोजी समितीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांची खाजगीत जबानी घेतली. तासन्‌तास इकडचं तिकडचं झालं. मग रिपब्लिकन बाजूच्या डोनाल्ड सँडर्स यांनी विचारलं, अध्यक्षांच्या कार्यालयात संभाषणं ध्वनिमुद्रित होत होती का? बटरफील्ड यांनी सांगून टाकलं. तीन दिवसांनी, सोमवारी, समितीचे वकील फ्रेड थॉम्पसन यांनी तोच प्रश्न कॅमेऱ्यांपुढे विचारला आणि त्यांनी शांतपणे होकार दिला. वर्षभराने निक्सन यांना जावं लागलं ते त्याच ध्वनिफितींमुळे.

आज पाच मिनिटांतली चार मिनिटं सदस्य स्वतःच बोलतो आणि उरलेल्या मिनिटात "हो की नाही?" असं ओरडतो. त्याला उत्तर नको असतं, चित्रफीत हवी असते. साक्षीदाराने तोंड मिटून घेतलं तर दोष एकट्याचा नाही.

साक्षीत चूक झाली तर सुधारता येते का?

येते, आणि सुधारणा किती लवकर आली यावरून पुष्कळ कळतं. म्यूलर यांनी २४ जुलै २०१९ च्या साक्षीत सकाळी प्रतिनिधी टेड ल्यू यांच्या एका प्रश्नाला "बरोबर आहे" असं उत्तर दिलं. पदावरच्या अध्यक्षावर आरोपपत्र ठेवता येत नाही या कायदेशीर मतामुळेच तुम्ही आरोप ठेवले नाहीत ना, असा तो प्रश्न होता. उत्तराचा अर्थ असा झाला असता की एरवी आरोप ठेवलेच असते. दुपारी दुसऱ्या समितीपुढे बसताच, कुणी प्रश्न विचारण्याआधी, त्यांनी ते वाक्य मागे घेतलं: अध्यक्षांनी गुन्हा केला की नाही या निष्कर्षापर्यंत आम्ही गेलोच नाही.

क्लॅपर यांच्या उत्तरानंतर ते दुरुस्त करण्याची संधी आपण त्यांच्या कार्यालयाला दिली होती, असं वायडन यांनी नंतर जाहीर केलं. ती घेतली गेली नाही. दुरुस्तीच्या पत्रावर तारीख पडली २१ जून २०१३, म्हणजे साक्षीनंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने, आणि तोवर सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं.